विमान उतरंपर्यंत झाडू लपला

हे मी बोलून राह्यले अन् माही थोरली पोरगी सुनंदा कॉम्प्युटरवर टाकून राह्यली. मला सही करता येती, येष्टीची पाटी वाचता येती... त्याच्या पुढं माही शाळा न्हाई. सुनंदानं तुमच्या ह्या पानावरच्या गोष्टी मला वाचून दाखवल्या. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली, कोणाच्या गाडीपुढं म्हातारा आडवा आला. मी म्हणलं, माय, मला ह्यातलं काहीच कधी दिसलं न्हाई. माहं सारं जिणं वावरात गेलं. आमच्या वावराचा बांध मसणवट्याला लागून, तिथं मी एकटीनं कापूस वेचला, खळ्यावर राखणीला झोपले. मेलेल्या माणसानं मला कधी तरास दिला न्हाई. जित्यांनी दिला तेवढा बस झाला. अंगात येणं, करणी, उतारा — बिलकुल इश्वास न्हाई. आज बी न्हाई.

पण त्या झाडूचं काय व्हतं, ते मला आजवर कळलं न्हाई. तेवढंच सांगते.

आमचं गाव हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. येष्टी थांबती तिथून देवळाच्या मागं आलं की तिसरं घर आमचं. मातीच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. आतल्या खोलीत जवारीची कणगी — पुरुषभर उंच, शेणानं लिपलेली. तिच्या मागं भितीत एक खोबण हाये, हात जाईल एवढी. ती खोबण ध्यानात ठेवा. ती बाहेरून दिसत न्हाई. तिची खबर घरात दोघींनाच व्हती, मला अन् माह्या सासूला.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. लई कडक बाई. उंच, काळीभोर, आवाज असा की बैल थांबायचे. तिचा एक नेम व्हता — घरातलं माणूस गावाला गेलं, की ते पोचंपर्यंत घरात झाडू मारायचा न्हाई. तुमच्याकडं बी असंल असं. गेलेल्याच्या पायाची माती घरात असती, ती झाडली तं त्याची वाट मोडती, असं ती म्हणायची. आता गेलेलं माणूस पोचलं का न्हाई, हे घरात बसून कसं कळावं? फोन तं नव्हता, घड्याळ बी नव्हतं. किलोमीटर काय असतो ते कंडक्टरला माहीत. तं आत्याबाईनं प्रत्येक गावाचं माप बांधून ठेवलं व्हतं. राजूरला गेलं, तं दूध तापून निवंपर्यंत. भोकरदनला गेलं, तं सगळ्या भाकरी होऊन चूल इझंपर्यंत. जालन्याला गेलं, तं ओढ्यावरून धुणं आणून वाळत घालायचं, ते वाळलं की माणूस जालन्याला पोचलं. औरंगाबादला गेलं तं बकऱ्या घरी येईपर्यंत. पुण्याचं माप म्हंजी दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवंपर्यंत. तेवढा वेळ घरात कितीका केर असंना, पाय ठेवायला जागा नसंना, झाडूला हात लावायचा न्हाई.

मला सकाळी उठल्या उठल्या झाडायची सवय. माहेरची. मी इसरून झाडू उचलायचे अन् ती वरडायची, "ठेव! माहं लेकरू अजून केदारखेड्याला बी गेलं नसंल!"

अन् मी माहेरी जायचे तेव्हा? माहं माहेर राजूर. दूध निवंपर्यंतचं गाव. मी पिशवी घेऊन निघायचे, अन् ओढ्यापर्यंत जाईस्तोवर मागून झाडूचा आवाज यायचा — खर्र, खर्र. मुद्दाम. एकदा मी इचारलं, "आत्याबाई, माहं माप न्हाई का?" तं म्हणली, "तुला काय होतंय? तू कुठं बी गेली तं परत माह्याच उरावर येणार." बाया हासल्या. मी बी हासले. काय करता?

मंग सुनंदाचे वडील गेले. सुनंदा पाचवीला, धाकटी मंदा कडेवर. शेजारच्या गावाला विहिरीच्या खोदकामाला गेल्ते, दरड कोसळली. सांगावा दुपारी आला. त्या दिवशी घरात केर तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी झाडू हातात घेतला तं आत्याबाईनं तो काढून घेतला. नेऊन कणगीच्या मागं त्या खोबणीत घातला. मी बघितलं, तिनं मला बघितलं. लई दिवस आम्ही त्या केरात जेवलो. मंग एक दिवस तिनंच झाडू काढला अन् झाडलं.

तेव्हापासून मातर तिला सवयच लागली. कोणी गावाला निघालं की झाडू खोबणीत. माह्या हाताला लागायलाच नको.

पुढं दुष्काळाचं साल आलं, खडी फोडली, दुसऱ्याच्या वावरात निंदणी केली. रडायला येळ नव्हता, बरं झालं. सुनंदाला आम्ही दोघींनी शिकवलं. ती नर्स झाली, जालन्याच्या दवाखान्यात लागली. आत्याबाईनं ते बघितलं. नातीच्या पांढऱ्या कपड्याला हात लावून म्हणली, "हे धुवायला सोडा लई लागंल." तेवढंच कौतिक. त्याच्या दुसऱ्या साली गेली ती. झोपंतच गेली. कोणाला तकलीफ न्हाई.

(सुनंदा म्हणती, आई जल्दी कर, विमानावर ये. येते ना.)

सुनंदाला मस्कतच्या दवाखान्यात नौकरी लागली. मस्कत म्हंजी कुठं, मला काय माहीत! येष्टी ष्ट्यांडवर शकूरभाईचं टेलिफोनचं दुकान व्हतं, त्याचा साला तिकडं मस्कतला गवंडी. मी त्याला जाऊन इचारलं, "शकूरभाई, मुंबईहून मस्कत किती लांब?"

"होंगे काकू, सोळाशे किलोमीटर. बीच में पूरा समंदर."

मी तिथंच बाकड्यावर बसले. पुणं हितून तीनशे किलोमीटर, अख्खी रात येष्टीत जाती. सोळाशे म्हंजी... मी बोटं मोजली. "म्हंजी पाच-सहा दिवस माहं घर बिनझाडलं राहणार?"

शकूरभाईला आमच्या घरचा नेम माहीत व्हता, सगळ्या गल्लीला माहीत. तो असा हासला की दुकानातलं माणूस फोन सोडून बघायला लागलं. "काकू, वो विमान है! अडीच घंट्यात पोचतं."

"अडीच घंट्यात?"

"हाव."

"हसनाबादहून जालन्याला जायला तेवढं लागतं, शकूरभाई. राजूरला येष्टी थांबली तं जास्त बी."

"तो समझो, मस्कत मतलब तुम्हारा जालना."

मला ते बराबर वाटंना. पण माप तं मिळालं. मस्कत म्हंजी जालना. धुणं वाळंपर्यंत.

सुनंदा घरून निघाली, जालन्याहून गाडी धरून मुंबईला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शकूरभाईच्या दुकानात फोन केला — मुंबईला पोचले, उद्या सकाळी आठला विमान. मंदा म्हणली, "चला, पोचली ताई. आता झाड घर."

मी म्हणलं, "मुंबई काय तिचं गाव हाये? ते वाटंतलं ठेसन. पोचली म्हंजी मस्कतला पोचली."

"आई, घरात कापूस पडलाय. बोंडाचा कचरा, बकरीच्या लेंड्या..."

"पडू दे."

आता अडचण कुठं आली बघा. त्याच वेळी मंदाला बघायला पाहुणे येणार व्हते. पोरगा घनसावंगीकडचा, टॅक्टर चालवायचा. ते शुक्रवारी येणार म्हणून ठरलं व्हतं. अन् विमानाच्या दिवशी सकाळी सांगावा आला — आज चतुर्थी, आम्ही राजूरच्या गणपतीला आलोत, तं दर्शन झालं की तिकडूनच येतो. दुपारच्याला!

मंदा माह्याकडं बघती, मी मंदाकडं. घर म्हंजी उकिरडा. मी विमानाच्या टायमाला, आठला, दोन लुगडी धुऊन पडवीपुढं दोरीवर घातली. अन् त्या लुगड्याकडं बघत बसले. मंदा म्हणली, "आई, ताई बसली विमानात, अन् माहं लगीन जमिनीवर मोडून राह्यलं!"

"वाळू दे लुगडं."

"मी पंख्यानं वारा घालू का?"

"तसं चालत न्हाई."

खरं सांगते, मला मंदाच्या लग्नाची फिकर कमी व्हती. एक ठिकाण गेलं तं दुसरं आलं असतं. पण सुनंदा... ती पहिल्यांदा समुद्रावरून गेली व्हती, अन् हे घर मी तिच्याच जिवावर उभं केलेलं. एक माणूस असंच सकाळी घरून गेलं अन् आलं न्हाई, ते मी बघितलं व्हतं. इश्वास नसला तरी माणूस झाडूला हात लावत न्हाई. कामून लावावा?

ऊन चांगलं व्हतं. लुगडी वाळली, कडक वाळली. मी दोन्हीचा काठ दाबून बघितला — वल नव्हती. मनात म्हणलं, पोचली माही सुनंदा. उठले, दारामागं हात घातला. झाडू न्हाई.

झाडू म्हंजी आमचा शिंदीचा, मी दारामागं ठेवते, कित्येक वरसांची सवय. तिथं न्हाई. चुलीपाशी न्हाई. पडवीत न्हाई. मंदाला इचारलं, तिनं गळ्याची आण घेतली. मंग मला आत्याबाईची याद आली. कणगीमागं गेले, खोबणीत हात घातला. कोपरापर्यंत घातला. हाताला कोळ्याचं जाळं लागलं, बाकी काही न्हाई. ती खोबण मी तेव्हाच बघितली, हे पण ध्यानात ठेवा.

शेजारी गिरजाबाई. तिच्याकडून झाडू मागून आणला. आणला तो चांगला, नवा. उंबऱ्याच्या आत आले, पहिला हात मारला अन् त्याची बांधणी सुटली — सगळ्या शिंदीच्या पात्या घरभर! आता केर बी अन् झाडू बी, दोन्ही जमिनीवर. मंदा डोक्याला हात लावून कापसावर बसली. गिरजाबाई दारात उभी, म्हणली, "कौसाबाई, म्या कालच बांधला वं हा झाडू! दोरीनं आवळून बांधला!"

अन् मंग मला हासू आलं. काय झालं कोणाला ठावं, पण मला एकदम असं वाटलं की कोणीतरी म्हणून राह्यलंय — ठेव! माहं लेकरू अजून केदारखेड्याला बी गेलं नसंल! आवाज वगैरे काही आला न्हाई. खोटं कामून सांगू. नुसतं वाटलं. मी मंदाला म्हणलं, "राहू दे. पाहुण्यांना असंच येऊ दे."

"आई!"

"चहाचं आधण ठेव. कप तेवढे चांगले धू."

पाहुणे आले. पोराची आई, बाप, अन् पोरगा. पोराच्या आईनं उंबऱ्यावर पाय ठेवला तं पायाखाली बोंडाच्या पाकळ्या कर्रकन वाजल्या. तिनं खाली बघितलं, मंग वर बघितलं, मंग लुगडं धरून एकेक पाय टाकत आत आली, जसं पाण्यातून चालावं. बाप खोकलला. म्हणला, "सांगावा पोचला न्हाई का आमचा?"

"पोचला," मी म्हणलं. "बसा. घर झाडलेलं न्हाई. माही थोरली विमानात बसून मस्कतला चालली, ती पोचल्याबिगर झाडणार न्हाई."

"कधी निघालं विमान?"

"सकाळी आठला."

बापानं हातातलं घड्याळ बघितलं अन् मोठ्यानं हासला. "अहो बाई, आठला निघालं तं केव्हाच पोचली असंल ती! तिथं जेवून झोपली बी असंल!"

"असंल," मी म्हणलं. "पण माहा झाडू सापडून न्हाई राह्यला."

आता हे ऐकून तं तो अजूनच हासला. पोरगा मंदाकडं बघत व्हता, त्याला केर दिसतच नव्हता. पोराची आई मातर हासली न्हाई. तिनं एक गोणपाट झटकलं, त्यावर बसली, चहा पिली. मंग नवऱ्याला म्हणली, "कामून दात काढता? घर घाण हाये, पण कामून घाण हाये ते तिनं सांगितलं. आपल्या घरी घाण असती तं तुम्ही काय सांगितलं असतं?"

मंग ती मला म्हणली, "तुमच्या थोरलीचं काय समजलं तं आम्हाला कळवा. मंग पुढचं बोलू." अन् मंदाच्या हातात नारळ दिला, राजूरच्या गणपतीचा. ह्याचा अर्थ काय ते मंदाला कळलं, ती आत पळाली. पळताना पात्यावरून घसरली बी.

ते गेले. ऊन उतरलं व्हतं. मी भाकरीला जवारी घ्यायला कणगीपाशी गेले. कणगीचा खालचा बोळा काढला, सूप लावलं, अन् आधाराला मागं भितीला हात टेकला... तं हाताला झाडू लागला. खोबणीत. दांडी बाहेर, पात्या आत, जशी आत्याबाई ठेवायची. सकाळी जिथं मी कोपरापर्यंत हात घातला व्हता तिथंच.

मी वरडले न्हाई. घाबरले बी न्हाई, नवल हाये. झाडू छातीशी धरून उभी राह्यले. अन् तेवढ्यात बाहेरून शकूरभाईच्या सायकलची घंटी अन् आवाज — "काकू! ओ काकू! मस्कत आया!"

झाडू हातात तसाच, मी ष्ट्यांडपर्यंत पळाले. लोकांना वाटलं कोणाला मारायला निघाली. फोन कानाला लावला. सुनंदाचा आवाज लांबून, डब्यातून आल्यावाणी, "आई, पोचले गं."

"आत्ता?"

"आत्ताच. अगं, तिथं पाऊस अन् वारा, विमान उतरंचना. वरच्या वर चकरा मारल्या. मंग दुबईला नेऊन उतरवलं, तिथं बसवून ठेवलं किती येळ... आत्ता कुठं मस्कतला आणलं. अर्धा घंटा बी न्हाई झाला. घाबरलीस का?"

मी म्हणलं, "न्हाई. आम्ही अजून झाडलं न्हाई."

ती तिकडं रडायला लागली. मला वाटलं लाईन खराब झाली. शकूरभाईनं त्या फोनचे पैसे घेतले न्हाईत, उलट मला घरापर्यंत सोडायला आला, वाटंत सगळ्यांना सांगत, "दुबई से होकर आयी लडकी, दुबई से!" घरी येऊन मी झाडलं. असं झाडलं म्हणता! केराचे तीन ढीग निघाले. गिरजाबाईच्या पात्या बी त्यातच गेल्या.

मंदाचं लगीन त्याच घरी झालं. तिची सासू अजून सांगती, आम्ही केरातून पोरगी उचलून आणली म्हणून.

आता सुनंदा इथं बसून मला म्हणती, "आई, तूच सवयीनं ठेवला असशील खोबणीत."

"मंग सकाळी हात घातला तेव्हा?"

"अंधार असतो तिथं."

"हात घालायला उजेड कामून लागतो?"

मंग ती म्हणती उंदरानं ओढला असंल. येवढा झाडू उंदीर नेतो, अन् दांडी बाहेर काढून ठेवतो. शिकलेली पोरगी हाये, तिला काहीतरी म्हणावंच लागतं. मी तिला म्हणते, टाक तुझं बी म्हणणं त्यात, लोकांना वाचू दे.

एवढंच असतं तं मी हे सांगितलं नसतं. म्हणलं असतं, इसराळूपणा. पण पुढचं ऐका.

त्याच्यावर काही वरसं गेली. सुनंदाचं लगीन झालं, तिला दिवस गेले, बाळंतपणाला मी मस्कतला गेले. मी! हसनाबादची कौसाबाई. निघताना मंदा आल्ती सामान बांधायला. तिच्यासमोर मी घर झाडलं, झाडू दारामागं उभा केला, कुलूप लावलं, चावी कंबरंला. ती चावी एकच हाये, दुसरी कधी नव्हती. मंदा म्हणली, "आई, आता तू चालली, तुझ्यासाठी झाडायचं कोण थांबवणार? घरात कोणीच न्हाई."

"बंद घरात कोण झाडतंय? आपोआपच थांबलं."

विमानात सुनंदाच्या दवाखान्यातली एक सिस्टर संगं व्हती. पट्टा बांधला, कान बंद झाले, एका बाईनं गोळी दिली ती चघळली. खाली बघितलं तं समुद्र. समुद्र असा निळा अन् इतका, की माहं आख्खं वावर त्यात टाकलं तं थेंब बी उडाला नसता. जेवण दिलं, चहा दिला, अन् उतरा म्हणले. मी सिस्टरला म्हणलं, "खरंच की गं, जालनाच हाये हे."

नातू झाला. तिथं सहा-सात महिने काढले. फरशीचं घर, झाडायला मशीन. मंग परत आले, तसंच — अडीच घंटे विमान, अन् मंग मुंबईहून गावापर्यंत एक दीड दिवस. मंदा जालन्याच्या ष्ट्यांडवर घ्यायला आल्ती. दोघी संगं हसनाबादला आलो. गिरजाबाई दारातून वरडली, "आली का वं परदेशी बाई!"

कुलूप गंजलं व्हतं, तेल घालून उघडलं. आत धूळ, ही अशी बोटभर, अन् धुळीवर एक बी पाऊल न्हाई. मांजराचं बी न्हाई. मंदा पदर खोचून पुढं झाली, म्हणली, "तू बस आई, मी झाडते." दारामागं हात घातला.

मंग तिनं माह्याकडं बघितलं. "आई... झाडू कुठंय? तू इथंच ठेवला व्हता. मी बघितला व्हता."

धुळीतून चालत कणगीमागं गेले. मला माहीत व्हतं. कसं माहीत व्हतं ते इचारू नका. खोबणीत हात घातला. दांडी बाहेर, पात्या आत.

मी तिथंच खाली बसले, कणगीला टेकून. त्या घरात मी नांदायला आले तेव्हापासून माह्यासाठी कधी कोणी झाडू थांबवला नव्हता. मी निघाले की मागं खर्र, खर्र. अन् आता... मंदा घाबरून गेल्ती, म्हणली, "आई, काय झालं? आई!" मी तिला म्हणलं, "काही न्हाई." मंग खोबणीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणलं, "आत्याबाई, पोचले बरं मी."

अन् झाडायला घेतलं.

हे असं झालं. ह्यात कोणी दिसलं न्हाई, कोणाचा आवाज आला न्हाई, कोणाला काही झालं न्हाई. एक झाडू इकडचा तिकडं झाला, बस. तुमच्यातल्या कोणाला ह्याचा उलगडा होत असंल तं लिहा, सुनंदा मला वाचून दाखवंल. झाडू मी अजून दारामागंच ठेवते. अन् एक गोष्ट मला लई दिवस खाऊन राह्यली. सुनंदा म्हणती, मुंबई ते मस्कत सोळाशे किलोमीटर, अडीच घंटे. बराबर असंल. राजूरचं माप दूध निवंपर्यंत, जालन्याचं धुणं वाळंपर्यंत. पण त्या बंद घरात, ना दूध ना धुणं... आत्याबाईनं माहं माप कशावर धरलं असंल?